केबलचोरीला वैतागून तारेत करंट सोडायचा विचार करताय? आधी हे वाचा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांत तिसऱ्यांदा विहिरीवरची केबल कापून नेली, ठाण्यात नुसता अर्ज ठेवून घेतला, आणि आता रात्री कंपाउंडच्या तारेत करंट सोडायचं मनात आहे. शिवाय विचारलंय की चोर हाती लागलाच तर त्याला किती मारायची मुभा आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. आणि तार आधीच जोडून ठेवली असेल, तर इथेच थांबा, आधी जाऊन ती काढा, मग पुढचं वाचा.

मी नाशिक जिल्ह्यात १९ वर्षं पोलीस पाटील होतो. कांदा-द्राक्षाचा पट्टा. माझी स्वतःची केबल चार वेळा गेली आहे. पहाटे विहिरीवर जावं तर स्टार्टरच्या पेटीखाली केबलचं वीतभर टोक लोंबत असतं, आणि दोन दिवसांनी ओढ्याच्या कडेला काळं जळकं वर्तुळ दिसतं. वरचं प्लास्टिक जाळून तांबं काढून नेलेलं. आठवड्याची पाळी रात्रीची, थ्री फेज आलेली, आणि मोटार चालू करता येत नाही. भंगारात चोराला मिळतं त्याच्या कितीतरी पट आपलं जातं. त्यामुळे तुमचा राग मला कुणी समजावून सांगायला नको.

पण करंटचा पंचनामा मी पाहिला आहे. आमच्या शिवारात एकाने रानडुकरांसाठी मक्याभोवती उघडी तार ओढली आणि मोटारीच्या पेटीतून तिला फेज दिला. रात्री अकराला जोडायची, पहाटे पाचला काढायची, असा त्याचा नेम. एक दिवस त्याला झोप लागली. त्याच्याकडचा सालगडी रोजच्यासारखा उजाडायच्या आत बांधावर गवत कापायला गेला. मी पोचलो तेव्हा गवतावर दव होतं, विळा दोन हातांवर पडलेला, आणि कापलेल्या गवताची एक पेंढी नीट बांधून बाजूला ठेवलेली. माणूस तारेला तसाच. शेतमालक विहिरीच्या थारोळ्यावर बसून होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, ‘डुकरासाठी लावली होती हो.’ तो खोटं बोलत नव्हता. तरी त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, आणि ते बरोबरच होतं.

तार माणूस ओळखत नाही. चोराला तुमच्या करंटची कुणकुण लागतेच, तो येताना टेस्टर घेऊन येतो. सापडतो तो वायरमन, शेजारचं पोर, हरवलेली शेळी शोधणारी म्हातारी, नाहीतर तुमचेच वडील.

कायद्याने हा प्रश्न साठ वर्षांपूर्वीच निकाली काढला आहे. बिहारच्या चंपारण जिल्ह्यात चेरुबिन ग्रेगरी नावाच्या माणसाने शेजाऱ्यांनी आपला संडास वापरू नये म्हणून तिकडे जाणाऱ्या वाटेवर उघडी विजेची तार लावली. शेजारची एक बाई तिला चिकटून गेली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६३ मध्ये निकाल लागला. जागा माझी, ती बाई विनापरवाना आली, मी मालमत्तेचं रक्षण करत होतो, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. परवानगीशिवाय आत आलेल्या माणसाचाही जीव मोलाचा आहे, त्याच्यासाठी प्राणघातक सापळा लावून ठेवता येत नाही, असा त्याचा अर्थ. हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम राहिली. आज त्याच गुन्ह्याला, म्हणजे आताच्या फौजदारी कायद्यातल्या, भारतीय न्याय संहितेतल्या, कलम १०६ खाली, पाच वर्षांपर्यंत कैद आहे. माणूस मरू शकतो हे माहीत असून तार लावली असं सिद्ध झालं तर सदोष मनुष्यवध, कलम १०५, आणि तिथे दहा वर्षांपर्यंत. ‘सावधान, करंट आहे’ अशी पाटी लावून सुटका होईल या भरवशावर राहू नका. अंधारात पाटी कोण वाचतो?

कुंपणाच्या तारेला जोडायची झटका मशीन वेगळी. ती बॅटरीवर चालते, सेकंदाला साधारण एकदा अगदी क्षणभराचा झटका देते, मधल्या वेळात हात सुटतो. घरगुती २३० व्होल्टचा करंट अखंड असतो, तो हाताची मूठ आवळून धरतो आणि माणूस सुटत नाही. मशीन घ्यायचीच तर प्रमाणित घ्या आणि जोडणी जाणकाराकडून करून घ्या. ‘मशीनचाच झटका’ म्हणून थेट लाइनवरून काहीतरी जोडून देणारेही भेटतात, त्यांना बांधावर उभं करू नका.

आता मारण्याचं. लोकांच्या डोक्यात दोन टोकं असतात: एकतर ‘चोराला हात लावला तरी आपल्यावरच केस होते’, नाहीतर ‘आपल्या रानात आला म्हणजे काहीही करा’. दोन्ही चूक. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण खाजगी संरक्षणाचा, म्हणजे आपला जीव आणि माल स्वतः वाचवायचा, हक्क जवळपास होता तसाच आहे, कलम ३४ ते ४४. तुमच्यासमोर कुणी केबल कापत असेल तर त्याला अडवायला, ढकलायला, हातातली काठी वापरायलासुद्धा कायदा नाही म्हणत नाही. मात्र साध्या चोरीत जीव घेण्यापर्यंत हा हक्क जात नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा कुठेच चालत नाही. तोच माणूस कोयता घेऊन अंगावर आला की गोष्ट बदलते. मग तुम्ही केबल वाचवत नाही, जीव वाचवत असता. जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घर फोडून आत शिरणं, राहत्या घराला किंवा माल ठेवल्या जागेला आग लावणं, आणि जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी खरीखुरी धास्ती वाटावी अशी चोरी, एवढ्या प्रसंगी हा हक्क समोरच्याचा जीव जाईपर्यंत पोचू शकतो. वस्तीवर एकट्या राहणाऱ्या कुटुंबांनी हे नीट लक्षात ठेवावं, कारण रात्री दार फोडून कुणी आत आला तर घाबरून हात बांधून बसायची गरज नाही. त्या घाईत बसलेला प्रत्येक घाव न्यायालय ग्रॅमवर तोलत बसत नाही.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते हक्क कधी संपतो ते न कळल्यामुळे. चोर केबलचं वेटोळं खांद्यावर टाकून पळतोय, तोवर पाठलाग करून ते सोडवून घ्या. वेटोळं टाकून पळाला की माल परत मिळाला, हक्क तिथे संपला. पाठमोऱ्या माणसाच्या डोक्यात दगड घातला तर ते संरक्षण नव्हे. आणि पकडून खांबाला बांधल्यावर मारलेली पहिली थप्पडही संरक्षण नव्हे.

खांबाला बांधलेला एक पोरगा मी पाहिला आहे. असेल अठरा-एकोणीसचा. कांदाचाळीशी सापडला होता, हाती पक्कड. मी पोचेपर्यंत अर्धा तास गेला होता. दोरीने मनगटं काळीनिळी झालेली, कानातून रक्त येत होतं, आणि मारणाऱ्यांत दोन माझ्याच भावकीतले. मी त्याला पाणी पाजलं तर मागून आवाज आला, ‘पाटील, चोराची बाजू घेता का?’ तो पोरगा वाचला, एका कानाने बहिरा झाला. चोरीचा खटला एका बाजूला राहिला आणि गावातले नऊजण कितीतरी वर्षं तारखांना जात राहिले. एकाने वकिलासाठी बैलजोडी विकली. मी अर्धा तास आधी पोचलो असतो तर, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

पकडलाच तर काय करायचं ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे. तुमच्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला तर सामान्य माणूसही आरोपीला पकडू शकतो, पण विनाकारण उशीर न लावता, फार तर सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. बसवून ठेवा, पाणी द्या, ११२ लावा.

आणि अनोळखी दिसला म्हणजे चोर, हे तर अजिबात नको. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. १६ एप्रिल २०२० ला पालघरमधल्या गडचिंचल्यात, चोर फिरतात अशी अफवा असताना, दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. अफवा रात्रीची येते, हातात काठ्या आधीच असतात. जागलीला जाणाऱ्या पोरांना म्हणूनच मी सांगायचो, शिट्टी आणि बॅटरी पहिली, काठी शेवटी.

आता तुमच्या केबलचं. स्टार्टरपासून विहिरीच्या तोंडापर्यंत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची केबल टाका. भंगारात तिला तांब्याचा भाव नाही, त्यामुळे चोराचं मन उठतं. जाडी, म्हणजे चौरस मिलिमीटरचा आकडा, मात्र तांब्याच्या दीडपटीच्या वर लागेल आणि तांब्याशी जोड करायला बायमेटल लग (एका बाजूला तांबं, दुसरीकडे ॲल्युमिनियम असलेला जोडतुकडा) वापरा, नाहीतर जोड जळतो. केबल एचडीपीईच्या, म्हणजे जाड प्लास्टिकच्या, पाइपातून दोन-तीन फूट खोल गाडा, वर येते तिथे लोखंडी पाइप काँक्रीटमध्ये बसवा. कापायला दहा मिनिटं जास्त लागली तरी चोर सहसा तो नाद सोडतो. गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा असेल तर नंबर नोंदवून घ्या, एका फोनवर सगळ्यांचे फोन वाजतात. नसेल तर पाच-सहा विहिरीवाल्यांनी मिळून जागल वाटून घ्या.

ठाण्यात पुन्हा जाल तेव्हा नुसता अर्ज देऊन येऊ नका, प्रथम खबरीची नोंद, म्हणजे एफआयआर, मागा. तिची प्रत मोफत मिळते. सोबत केबलचं बिल आणि उरलेल्या टोकाचा फोटो न्या, टोकावर कंपनीचं नाव आणि मीटरचे आकडे छापलेले असतात. चोरीचं आहे हे माहीत असून तांबं घेणारा भंगारवालाही न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हेगार ठरतो, तेव्हा आसपास कोण घेतं याची माहिती असेल तर तीही जबाबात लिहून द्या. नोंद घेतलीच नाही तर तोच मजकूर टपालाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे, आणि त्यानेही भागलं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. तिन्ही चोऱ्यांच्या तारखा आणि केबलची लांबी इथे लिहा, अर्जाचा मसुदा मी करून देतो. तार काढली की तेही कळवा.