बक्षीस केव्हा मिळते, यावर सवय ठरते

या वेळच्या पत्रांत मुलाचा हट्ट, कापसाची वेचणी, शाळेची चाचणी आणि मोबाइलवरचा पैशांचा खेळ असे विषय आले आहेत. वर्तनानंतरचे फळ कोणत्या नियमाने पदरात पडते, हा प्रश्न चारही पत्रांच्या मुळाशी असल्याने ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : पाच वर्षांचा मुलगा जेवताना मोबाइलसाठी रडतो. आम्ही एरवी नाहीच म्हणतो, पाहुणे असले तर देतो. तरी रोजचे रडणे वाढतच आहे. (रावेर)

मोबाइल खरोखर फक्त पाहुण्यांसमोर मिळत असता, तर मूल पाहुणे आल्यावरच रडायला शिकले असते. ते रोज रडते, त्या अर्थी इतरही काही वेळा, कंटाळून किंवा उशीर होतो म्हणून, मोबाइल त्याच्या हाती गेला असावा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत उंदराने कळ दाबली की त्याला अन्नाची गोळी मिळे. एका शनिवारी गोळ्या संपत आल्याने त्यांनी प्रत्येक दाबण्याला गोळी देणे थांबवले, तरी उंदीर कळ दाबतच राहिले, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. प्रत्येक वेळी फळ मिळत असेल तर वर्तन लवकर शिकले जाते आणि फळ थांबताच लवकर मावळतेही; अधूनमधून मिळणाऱ्या फळावर पोसलेले वर्तन मात्र फळ बंद झाल्यावरही दीर्घकाळ टिकते, कारण रिकामे जाणे हा त्या शिकण्याचाच भाग असतो. म्हणून दहा वेळा नकार देऊन अकराव्या वेळी नमते घेणारे घर हट्ट कमी करत नाही, तो चिवट करते.

आजी-आजोबांसह घरातल्या सर्वांनी एकच नियम ठरवावा. नकार पक्का झाल्यावर पहिले काही दिवस रडणे पूर्वीपेक्षा वाढू शकते. विलोपनाच्या, म्हणजे फळ बंद करून वर्तन मावळू देण्याच्या, सुरुवातीला असे अनेकदा होते. नेमके तेव्हा मोबाइल दिला, तर मोठ्याने रडण्यालाच फळ मिळते. रडणे थांबल्यावर काही दिवसांनी ते पुन्हा डोके वर काढेल, तेव्हाही नियम मोडू नये. त्याच वेळी मूल शांतपणे बोलले, नीट जेवले, तर त्याच्याकडे लगेच आणि मनापासून लक्ष द्यावे. ही दुसरी बाजू नसेल, तर नुसता नकार मुलाला फार जड जातो.

प्रश्न : कापूस वेचणीची मजुरी किलोमागे दिली की काम झपाट्याने होते, रोजाने दिली की रेंगाळते. हे प्रबलनच ना? (धरणगाव)

बऱ्याच अंशी होय. वर्तनानंतर फळ मिळून ते वर्तन बळकट होणे म्हणजे प्रबलन. ठरावीक कामाला ठरावीक मोबदला, हे स्थिर गुणोत्तराचे प्रबलन आहे. सहकारी चार्ल्स फर्स्टर यांच्यासह स्किनर यांनी १९५७ मध्ये कबुतरांवरील प्रयोगांची जी सविस्तर मांडणी केली, तीत या पद्धतीत कामाचा वेग मोठा आणि प्रत्येक फळानंतर थोडा विराम असे चित्र दिसते. एका फळासाठी लागणारे काम फार वाढवले, तर वर्तन खचते. फरदडीच्या, म्हणजे हंगामानंतरही राखलेल्या पिकाच्या, वेळी बोंडे विरळ असल्याने एका किलोसाठी कितीतरी अधिक हात चालवावा लागतो. अशा वेळी जुनाच दर ठेवला तर काम मंदावणारच, आणि त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. रोजंदारीत मात्र मोबदला हजेरीला मिळतो, वेगाला नाही. शिवाय किलोच्या दरात वजनाला फळ मिळते, म्हणून पाला-कचराही कापसासोबत येतो. स्वच्छ वेचणी हवी असेल तर तिला वेगळा दर द्यावा. अर्थात माणूस कबुतर नव्हे. वेचणाऱ्या बाया घरचा खर्च, काट्यावरचा विश्वास आणि शेजारच्या शेतातला दर यांचाही हिशेब करतात.

प्रश्न : दर शनिवारी चाचणी घेते, मुले शुक्रवारीच पुस्तक उघडतात. (अमळनेर)

हे स्थिर कालांतराच्या, म्हणजे ठरावीक वेळाने फळ मिळण्याच्या, प्रबलनासारखे आहे : फळाची वेळ जवळ येईल तसे वर्तन वाढते. मात्र काटेकोर स्थिर कालांतरात ठरलेली वेळ गेल्यानंतरची एकच कृती पुरते, चाचणीला आधीची तयारी लागते. म्हणून साम्य ताणू नये. आठवड्यात कोणत्याही दिवशी छोटी, कमी गुणांची चाचणी घ्या. अभ्यास अधिक समान पसरेल. धाक वाटेल इतके गुण तिला ठेवू नका.

प्रश्न : पैशांच्या मोबाइल खेळात हरतो, तरी थांबता येत नाही. (शहादा)

इथे कितव्या डावाला फळ मिळेल हे ठरलेले नसते, पण प्रत्येक डाव त्याच्या दिशेने वाटतो. परिवर्तनीय गुणोत्तराच्या या प्रबलनात वेग मोठा आणि विराम जवळजवळ नसतो. जुगार असाच चालतो, हे स्किनर यांनीही सांगितले होते. सलग हरल्याने पुढचा डाव जिंकण्याची शक्यता वाढत नाही. मनाच्या निर्धारावर विसंबण्यापेक्षा आजच खेळ काढून टाका, त्यासाठी वापरात असलेले पैसे भरण्याचे ॲप बंद करा आणि काही महिने बँक खाते घरातील विश्वासू माणसाच्या देखरेखीखाली ठेवा. तरी ओढ आवरत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर समुपदेशकाशी बोला.