नाशिकमध्ये एका दिवसात द्राक्षमळे आणि वाइनरी कशा पाहाव्यात?

एका दिवसात दोनच वाइनरी पाहाव्यात. गंगापूर धरणाच्या परिसरातील सुला आणि यॉर्क एकमेकींच्या जवळ असल्यामुळे त्या सोयीच्या पडतात. शक्यतो जानेवारी ते मार्च या काळात जावे, कारण आपल्याकडे वेलींची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलच्या सुमारास आणि पावसाळा सरताना, केली जाते आणि दुसऱ्या छाटणीनंतर धरलेली द्राक्षे याच महिन्यांत तोडणीला येतात. पावसाळ्यात परिसर हिरवागार असला तरी वेलींवर घड नसतात. सकाळी आधी टाक्या आणि लाकडी पिंपे दाखवणारी मार्गदर्शित फेरी करावी आणि मगच चव घ्यावी, म्हणजे पेल्यात काय आहे ते नीट उमगते. चव घेताना शेनिन ब्लांसारख्या पांढऱ्या वाइनपासून सुरुवात करून शिराझसारख्या लाल वाइनकडे जावे, कारण लाल वाइनच्या तुरटपणानंतर पांढरीची नाजूक चव जाणवत नाही. प्रत्येक पेला संपवलाच पाहिजे असे नाही (पैसे दिले आहेत म्हणून संपवणारेच बहुधा दुपारी पेंगतात). महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय 21 वर्षे आहे. गाडी मात्र न पिणाऱ्यानेच चालवावी, अन्यथा दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवावी.