त्वचेचा टीबी निघाला, बाळाला अंगावर पाजू का?

घणसोलीच्या एक ताई, वय 26, अंगावर पिणारं बाळ. गुडघ्याखाली तीन वर्षांपासून चट्टा. ना खाज, ना दुखणं. नायटा समजून मेडिकलमधली स्टेरॉइडची ट्यूब लावली की लाली उतरायची, चट्टा मात्र एका कडेने सरकतच राहिला. बायोप्सीत टीबी निघाला. सासूबाईंनी ताट-वाटी वेगळी केली, बाळाला वरचं दूध सुरू केलं. दोघी आल्या तेव्हा सासूबाईंचा सवाल सरळ होता: "खोकला नाही, ताप नाही, तुकड्यात जंतूही दिसले नाहीत. मग टीबी कसला? आणि बाळाला लागला तर?"

या प्रकाराला लुपस व्हल्गॅरिस म्हणतात. मधली कातडी व्रणासारखी पातळ, कडेला बारीक तपकिरी गाठी. काचपट्टी दाबली की लाली जाते आणि पिवळट-तपकिरी ठिपके उरतात. आपल्याकडे हा मांड्या, नितंब, पायांवर बराच दिसतो. त्वचेत जंतू अगदी थोडे असतात, त्यामुळे ते न दिसणं नेहमीचंच. निदान पेशींच्या रचनेवर होतं. त्वचेचा टीबी कधी तळपायाच्या चामखिळीसारखा दिसतो, कधी मानेची गाठ फुटून महिनोन्‌महिने वाहते. चट्टा वर्षानुवर्षं तसाच राहिला तर त्यात कर्करोगही होऊ शकतो, म्हणून दुखत नाही म्हणून सोडायचा नाही.

आता बाळाचं. टीबी हवेतून पसरतो तो फुफ्फुसातून. ताईंचा छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, त्यामुळे बाळाला पाजायचं, निर्धास्त पाजायचं. औषध दुधात उतरतं ते अगदी थोडं. ताट-वाटीतून टीबी पसरतच नाही. बोलता बोलता निघालं की सासऱ्यांना महिनाभर खोकला आहे. बाळाला जपायचं ते इथे! त्यांची थुंकी आधी तपासायची. टीबी निघाला तर बाळालाही तपासून, आजार नसल्याची खात्री करून प्रतिबंधक औषध द्यावं लागतं.

ताईंना सहा महिने औषध: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. वजन 48 किलो, म्हणून रोज एकत्रित औषधाच्या तीन गोळ्या, सोबत पायरिडॉक्सिन (बी-6 जीवनसत्त्व). लघवी केशरी होते, घाबरायचं नाही. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. यातल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे गर्भनिरोधक गोळ्या भरवशाच्या राहत नाहीत. ताईंना तांबीबद्दल विचारायला सांगितलं. निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद आणि बँक खातं जोडलं की आहारासाठी महिना 1000 रुपये मिळतात.

चट्टा साधारण महिना-दीड महिन्यात बसू लागतो, आणि बरं वाटतंय म्हणून लोक गोळ्या अर्धवट सोडतात ते नेमकं तेव्हाच. इतक्या दिवसांतही काहीच फरक नसेल तर निदान आणि औषध दोन्ही पुन्हा तपासायचं. बरं झाल्यावर व्रण राहील; त्याच्या कडेला नवी गाठ आली तर मलम न लावता दाखवायला यायचं.