वाचकांचे प्रश्न : कामाचा आराखडा आणि ऑटोमेशन

प्रश्न : मी खरेदी विभागात काम करते. बीपीएमएन पद्धतीने, म्हणजे ठरावीक चिन्हं वापरून, प्रक्रियांचे आराखडे काढायला शिकायचं आहे, पण चिन्हांचा तक्ता बघूनच दडपण येतं. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : तो तक्ता सध्या बाजूला ठेवा. बीपीएमएन २.० ही आवृत्ती २०११ मध्ये आली, २०१३ मध्ये ती आयएसओ मानकही झाली. तिच्यात चिन्हं भरपूर आहेत, पण रोजच्या कामाला दहाएक पुरतात. सुरुवातीचं बारीक रेघेचं वर्तुळ, शेवटचं जाड रेघेचं, कामाचा गोल कोपऱ्यांचा चौकोन, वाटा फुटतात किंवा जुळतात तिथले फुलीचा आणि अधिकचा असे दोन गेटवे, टायमर, संस्थेसाठी पूल म्हणजे मोठी चौकट, प्रत्येक भूमिकेसाठी लेन म्हणजे त्या चौकटीतला पट्टा आणि दोन प्रकारचे बाण. पूलच्या आत सलग रेघेचा बाण कामाचा क्रम दाखवतो. एका पूलमधून दुसऱ्यात मात्र फक्त तुटक रेघेचा, निरोपाचा बाण जातो. नवशिके पुरवठादाराला हमखास स्वतःच्याच पूलमध्ये एक लेन देऊन टाकतात. त्याच्या कामाचा क्रम तुमच्या ताब्यात नसतो, म्हणून त्याचा पूल वेगळाच हवा.

काम एकच घ्या : पुरवठादाराचं बिल आल्यापासून पैसे जाईपर्यंत. नुकत्याच निकाली निघालेल्या पाच-सहा बिलांच्या फायली समोर ठेवा आणि त्या हाताळणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा. काम तुमच्याकडे आलं हे कशावरून कळतं? पुढे कुणाकडे जातं? आणि परत कधी येतं? तिसऱ्या प्रश्नावर जरा जास्त वेळ थांबा. अर्धवट बिलं, चुकलेले ऑर्डर क्रमांक, रजेवर गेलेले साहेब हे सगळं तिथेच बाहेर येतं, आणि ऑटोमेशन कोलमडतं तेही तिथेच.

आधी विनाअडथळ्याचा सरळ मार्ग काढा, मग एकेक अडचण जोडा. कामाच्या नावात काय करायचं ते यावं : ‘बिल ऑर्डरशी जुळवा’. नुसतं ‘पडताळणी’ लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. चित्रात ५० पेक्षा जास्त घटक झाले, तर त्यातला एखादा भाग उपप्रक्रिया म्हणून वेगळा काढा. कॅमुंडा मॉडेलर हे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, शिकायला पुरेसं आहे.

प्रश्न : आमची बिल-मंजुरी इंजिनवर, म्हणजे आराखड्याप्रमाणे काम पुढे सरकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चढवली आहे. काही प्रकरणं मधेच अडकतात आणि कुणाच्याच कामाच्या यादीत दिसत नाहीत. एका बिलाचे तर पैसे दोनदा गेले. आराखडा पुन्हा पुन्हा तपासला, चूक सापडत नाही.

उत्तर : नुसतं बघून ही चूक सापडत नाही, चित्र चालवून बघावं लागतं. आराखडा कागदावर छापा, सुरुवातीच्या वर्तुळावर एक नाणं ठेवा आणि बाणांवरून सरकवत न्या. फुलीच्या गेटवेवर ते एकाच वाटेने जातं. अधिकच्या गेटवेवर जितक्या वाटा फुटतात तितकी नाणी होतात. इंजिनही नेमकं हेच करतं, त्या नाण्याला टोकन म्हणतात.

आता वाटा जिथे पुन्हा एकत्र येतात ती जागा बघा. फुलीने फोडलेल्या वाटा अधिकने जोडल्या असतील, तर अधिकचा गेटवे प्रत्येक वाटेवरून टोकन यायची वाट बघतो. दुसरं टोकन कधीच निघालेलं नसतं, त्यामुळे प्रकरण तिथेच थिजतं. तिथे कुणासाठी काम तयार होत नाही, म्हणून ते कुणाच्या यादीतही नसतं.

उलट प्रकार जास्त महागात पडतो. लेखा आणि भांडार अशी दोन्हीकडची तपासणी अधिकने एकाच वेळी सुरू केली आणि शेवटी फुलीने जोडली, तर फुली थांबत नाही. येईल ते टोकन पुढे सोडते. ‘पैसे पाठवा’ हे काम दोनदा चालतं. गेटवे न ठेवता दोन बाण थेट एकाच चौकोनात सोडले तरी हेच होतं. जमेल तिथे ज्या चिन्हाने वाट फोडली त्याच चिन्हाने ती जोडा.

जोडणी बरोबर निघाली, तर बँकेशी होणारी देवाणघेवाण तपासा. विनंती गेली, पैसे गेले, पण उत्तर वाटेत हरवलं, तर इंजिनच्या दृष्टीने काम झालेलंच नसतं. ते पुन्हा प्रयत्न करतं. कॅमुंडा ७ या इंजिनमध्ये मुळातच असे एकूण तीन प्रयत्न ठरवलेले असतात. यावर उपाय असा : प्रत्येक देयकाला एक विनंती-क्रमांक द्या, प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवा, आणि समोरची यंत्रणा एकदा आलेला क्रमांक पुन्हा आल्यास पैसे न पाठवता जुनंच उत्तर देते याची खात्री करून घ्या.

अटींकडेही एकदा बघा. एका वाटेवर ‘५०,००० पेक्षा कमी’ आणि दुसरीवर ‘५०,००० पेक्षा जास्त’ असेल, तर नेमकं ५०,००० चं बिल कुठे जाईल? इंजिन चूक नोंदवून थांबतं. फुलीच्या गेटवेतून निघणारी एक वाट मूळ वाट म्हणून ठरवा. तिच्या बाणावर छोटी तिरपी रेघ असते.

प्रश्न : दोन दिवसांत मंजुरी आली नाही तर आठवण जावी म्हणून कामाच्या कडेवर टायमर लावला. आठवण जाते, पण साहेबांच्या यादीतलं कामच नाहीसं होतं.

उत्तर : तुमचा टायमर काम तोडणारा आहे. त्याचं वर्तुळ सलग दुहेरी रेघेचं असतं. त्याचा प्रकार बदलून तुटक रेघेचा, काम न तोडणारा करा. आठवणीच्या वाटेला तिचा स्वतःचा शेवट द्या. ती मुख्य वाटेला जोडली तर एक जादा टोकन पुढे जाईल आणि वरच्या प्रश्नातलाच घोळ होईल. आणखी एक : टायमरमध्ये दोन दिवसांची मुदत ‘पी२डी’ अशी लिहितात, पण ते पंचांगातले दोन दिवस असतात. शुक्रवारी संध्याकाळी आलेल्या कामाची आठवण रविवारी संध्याकाळी जाईल. सुट्ट्या वगळायच्या तर मुदतीची तारीख आधी काढून ती टायमरला द्यावी लागते.

प्रश्न : वरिष्ठांना नोंदी भरणारा रोबोट, म्हणजे माणसाऐवजी पडद्यावर माहिती भरणारं सॉफ्टवेअर, हवा आहे. त्याने बिलं लवकर निघतील का?

उत्तर : आधी मोजा. रोज सरासरी २० बिलं येत असतील आणि कोणत्याही दिवशी साधारण १२० अडकलेली असतील, तर एका बिलाला सरासरी ६ दिवस लागतात. प्रकरण क्रमांक, काम आणि वेळ अशा तीन रकान्यांची नोंद काढली की त्यातले किती दिवस नुसते वाट बघण्यात जातात ते कळेल. बिल सहीसाठी चार दिवस पडून राहत असेल, तर नोंदीतली दहा मिनिटं वाचवून काहीच साधणार नाही. तिथे मंजुरीची मर्यादा बदलायला हवी, किंवा पर्यायी अधिकारी नेमायला हवा. हे वरिष्ठांसमोर आकड्यांनिशी मांडाच.

दुसऱ्या प्रणालीशी जोडणी करायची सोयच नसेल, तर रोबोट उपयोगी आहे. पण तो पडद्यावरची बटणं आणि रकाने ओळखून चालतो. पडद्याची मांडणी बदलली की तो थांबतो, किंवा भलत्याच रकान्यात भरतो. म्हणून भरलेली रक्कम पुन्हा वाचून मूळ बिलाशी ताडायची पायरी त्यात ठेवा, आणि जुळली नाही तर प्रकरण माणसाच्या यादीत जाऊ द्या.