हप्त्यांवर घेतलेला वेग

प्रश्न : नोकरी सांभाळून मी थ्रीडी रेंडरिंगची, म्हणजे संगणकातल्या त्रिमितीय मॉडेलवरून तयार चित्रं काढण्याची, कामं घेतो. सध्या एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर आणि बी५५० मदरबोर्ड आहे. नुकताच बाजारात आलेला १६ कोअरचा (एकाच वेळी काम करणाऱ्या १६ भागांचा) प्रोसेसर घ्यायचं मनात आहे. त्यासाठी मदरबोर्ड, मेमरी आणि वॉटर कूलरही नवे लागतील. अर्धी रक्कम अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशांतून काढेन, उरलेली बारा हप्त्यांत फेडेन. ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवून, आणखी दहा टक्के वेग मिळाला की पैसे लवकर वसूल होतील, असा हिशेब केलाय. पटतो का? आणि जुना प्रोसेसर विकू की ठेवू?

उत्तर : नाही पटत. दहा टक्क्यांकडे नंतर येतो, आधी तुमची यादी बघू. तुम्ही कळवलेल्या किमतींत प्रोसेसरचे १०० धरले, तर मदरबोर्डचे ५५, मेमरीचे ४० आणि कूलरचे ३० होतात. म्हणजे खरेदी २२५ ची आहे आणि वसुलीचा हिशेब तुम्ही १०० वर मांडलाय. हप्त्यांवरचं व्याज त्यात धरलेलंच नाही.

आता वसुली. तुम्हीच लिहिलंय की मोठे रेंडर रात्री लावून झोपता. ते पहाटे चारला संपलं काय आणि सहाला संपलं काय, ग्राहकाला जाणारं बिल तेवढंच राहतं. मशीन मोकळं नाही म्हणून काम नाकारावं लागत असेल, तरच वेगाचे पैसे होतात. गेल्या सहा महिन्यांत अशी किती कामं परत पाठवली, ते आठवून एका कागदावर लिहा. कागद कोराच राहिला, तर ही खरेदी हौसेची आहे. हौसेला माझी हरकत नाही, पण ती अडीअडचणीच्या पैशांतून करू नये. सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बाजूला राहून वर जे उरेल, त्यातूनच ती करावी.

ओव्हरक्लॉकिंगबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण त्यातून पैसे वाचतात ही समजूत एके काळी अगदी खरी होती. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आला. मदरबोर्डवर बसचा (प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या मार्गाचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा आणि त्याहून कितीतरी महाग असलेल्या पेंटियम २ च्या बरोबरीला यायचा. दीडपट वेग, तोही जवळपास फुकट! तेव्हा कुणी मला विचारलं असतं, तर मी बिनधास्त हो म्हटलं असतं.

आज वेगाची ती शिल्लक कारखान्यातच काढून घेतली जाते. २०२३ चा कोअर आय९ १४९००के दुकानातून येतो तोच ६ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा. रायझन ९ ७९५०एक्सची तर रचनाच अशी आहे, की भार आला की ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापू द्यायचं आणि तेवढ्यात जमेल तितका वेग आपणहून घ्यायचा. चांगल्या निघालेल्या चिप वेगळ्या काढून त्या वरच्या किमतीला विकल्या जातात. वर इंटेलकडे गुणक (ज्या आकड्याने बसचा वेग गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो) बदलायची मुभा हवी, तर के अक्षराचा प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो, म्हणजे ओव्हरक्लॉक करण्याच्या नुसत्या परवानगीलाच जादा पैसे. स्वस्तातली वस्तू घेऊन महागड्या वस्तूचं काम काढायचं, हा मूळ व्यवहार होता. तुम्ही सगळ्यात महाग वस्तू घेऊन तिच्यात राहिलेलं शेवटचं थेंबभर पिळायला निघालाय.

त्या थेंबाचीही किंमत असते. प्रोसेसरला लागणारी वीज ढोबळमानाने क्लॉकच्या, म्हणजे मेगाहर्ट्झ-गिगाहर्ट्झमधल्या वेगाच्या, प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, क्लॉक पाच टक्के चढवण्यासाठी व्होल्टेज दहा टक्के वाढवावं लागलं. १.०५ गुणिले १.२१, म्हणजे सुमारे १.२७. सत्तावीस टक्के जास्त वीज आणि तितकीच जास्त उष्णता. बदल्यात तासाभराचं रेंडर सत्तावन्न मिनिटांत होणार. सगळे कोअर रात्रभर पूर्ण भारावर चालणार असतील, तर पाच टक्केसुद्धा स्थिर मिळतीलच असं नाही. पहाटे मशीन अडकून एक रेंडर वाया गेलं, की महिनाभर वाचवलेली मिनिटं त्यातच गेली.

आणि वॉरंटी. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान एएमडी भरून देत नाही, आणि इंटेलच्या नेहमीच्या वॉरंटीतही ते बसत नाही. हप्ते चालू असताना चिप गेली, तर वस्तू नाही आणि देणं मात्र आहे. सल्लागार म्हणून मला या व्यवहारातली सगळ्यात नावडती गोष्ट कुठली, तर ही.

‘बाजारात आल्या आल्या’ घेण्याबद्दल थोडं. ७९५०एक्स सप्टेंबर २०२२ मध्ये ६९९ डॉलरला आला आणि नोव्हेंबरमध्ये सहाशेच्या खाली विकला जात होता. बारा हप्त्यांतले जेमतेम दोन फिटले असते. जुलै २०२४ मध्ये एएमडीने रायझन ९००० मालिकेची विक्री काही दिवस पुढे ढकलली, कारण पहिला माल अपेक्षित दर्जाचा नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलचे कोअर अल्ट्रा २००एस आले, आणि वेग अपेक्षेपेक्षा कमी का पडला याची कारणं व दुरुस्त्या इंटेलला डिसेंबरमध्ये जाहीर कराव्या लागल्या. पहिल्या आठवड्यात घेणारा जास्त पैसे देऊन अर्धवट शिजलेलं बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) घेतो. मी तीन-चार महिने थांबायला सांगेन.

थांबण्याचीही मर्यादा आहे, तेही सांगतो. इंटेलच्या तेराव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर २०२२ च्या शेवटी आले. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या बिघाडामागे चढं व्होल्टेज आहे, हे कंपनीने मान्य केलं जुलै २०२४ मध्ये. पुढे वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच झिजलेली चिप बायोस अपडेटने सुधारत नाही. चार महिने थांबून हे कुणालाच कळलं नसतं. मेमरीचे भावही नेहमी खालीच येतात असं नाही, ते मधूनच उसळतात. त्यामुळे ‘थांबलं की सगळं स्वस्त’ या भरवशावर थांबू नका. पैसे जमवायला वेळ मिळतो, म्हणून थांबा.

मग आज काय करायचं? तुमचा बी५५० मदरबोर्ड रायझन ५००० मालिका चालवतो. १२ कोअरचा ५९००एक्स त्यात बसतो. मेमरी तीच, मदरबोर्ड तोच, फक्त बायोस अपडेट करायचं आणि कूलर त्या १०५ वॉटच्या प्रोसेसरला पुरेसा आहे ना, तेवढं बघायचं. तुमच्या ३६०० मध्ये कोअर सहा आहेत. कोअर दुप्पट झाल्यावर प्रोसेसरवर चालणाऱ्या रेंडरचा वेळ अर्ध्याच्या आसपास येतो. जुन्या पिढीचा माल आहे, वापरलेला चांगल्या स्थितीत मिळाला तरी चालेल. नव्याचा हट्ट इथे नको. खर्च तुमच्या २२५ च्या यादीपुढे किरकोळ ठरेल आणि हप्त्यांची गरजच उरणार नाही. त्याआधी एक तपासा : तुमचं रेंडर ग्राफिक्स कार्डवर चालतं का? ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या सायकल्ससारखं रेंडर इंजिन ते काम कार्डावर करू शकतं. तसं असेल, तर प्रोसेसरवर पैसे घालणंच चूक, आणि हाच प्रश्न मला ग्राफिक्स कार्डाबद्दल पुन्हा विचारा.

वर्षभराने कामं खरंच वाढली, तर नवा सॉकेट (प्रोसेसर बसवायची मदरबोर्डवरची जागा), म्हणजेच नवा मदरबोर्ड घ्या, तोही रोखीने. तेव्हा तो किती वर्षं चालेल हे बघा. तुमच्या बोर्डावरच्या एएम४ सॉकेटमध्ये २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२२ च्या ५८००एक्स३डीपर्यंतचे प्रोसेसर बसले, म्हणूनच आज तुम्हाला हा स्वस्त मार्ग मोकळा आहे. त्यानंतरच्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ, असं एएमडीने म्हटलंय.

जुना ३६०० लगेच विकू नका. नवा प्रोसेसर दोन आठवडे रात्रीच्या भाराखाली चालवून बघा, काही बिघडलं तर परत लावायला हाताशी असू द्या. मग विका. ओव्हरक्लॉक शिकायचंच असेल, तर आता, बदलण्याआधी, याच चिपवर हात साफ करून घ्या. त्याचा गुणक मोकळा आहे आणि गेलीच तर नुकसान छोटं आहे. फक्त नंतर विकताना घेणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा आणि किंमत थोडी कमी लावा.