फ्रीज घ्यायला जाताना घरातलं मोठं पातेलं बरोबर न्या

मी मिरजेत १९८७ ते २०२१ अशी चौतीस वर्षं फ्रीज दुरुस्त केले. आता दुकान मुलगा बघतो आणि मी वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतो. होळी झाली की फ्रीजची पत्रं वाढतात. या वेळी चार निवडली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न निम्म्या पत्रांत आहे.

प्रश्न : घरात आम्ही पाच जण. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि सातवीतली मुलगी. जुना १६५ लिटरचा सिंगल डोअर फ्रीज अठरा वर्षांनी बंद पडला. दुकानदार म्हणतो, डबल डोअर फ्रॉस्ट फ्री घ्या, तोही इन्व्हर्टरवाला आणि फाइव्ह स्टार. सासूबाई म्हणतात, त्यात भाजी सुकते, आपला साधाच बरा. कोणाचं ऐकू? (एक गृहिणी, चिपळूण)

उत्तर : ताई, दुकानात जायच्या आधी एक काम करा. जुन्या फ्रीजमध्ये शनिवारी रात्री काय काय असायचं ते आठवून कागदावर लिहा. दुधाचं पातेलं, सायीचं भांडं, विरजण, इडलीचं पीठ, मोड आलेली मटकी, खवलेला नारळ. तुम्ही चिपळूणच्या, म्हणजे बाजाराच्या दिवशीचे मासेही असणार. आता यातलं सगळ्यात उंच भांडं कोणतं ते बघा आणि ते भांडं पिशवीत घालून दुकानात न्या. दुकानदार काय म्हणेल याची लाज बाळगू नका. फ्रीजचं दार उघडा, झाकणासकट पातेलं फळीवर ठेवा आणि दार लावून बघा. दुकानात ठेवलेल्या फ्रीजमध्ये प्लॅस्टिकची सफरचंदं असतात, ती कुठेही मावतात. आमच्याच घरी २००९ साली मी घाईनं डबल डोअर आणला. लिटर जास्त, पण फळ्यांमधलं अंतर कमी. पाच लिटरचं दुधाचं पातेलं बसेना म्हणून मधली एक काच काढून माळ्यावर टाकावी लागली. बारा वर्षं ती काच माळ्यावर होती आणि तेवढी जागा फ्रीजमध्ये फुकट गेली. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला मी पातेल्याचंच सांगत आलो.

आता सासूबाईंचं म्हणणं. सिंगल डोअरमध्ये वरचा बर्फाचा कप्पा हाच गारव्याचा उगम. थंड हवा जड असते, ती आपोआप खाली उतरते. पंखा नाही, हीटर नाही, म्हणून बिघडण्यासारखं कमी. भाजीवर वारा येत नाही, म्हणून ती लवकर सुकत नाही. सासूबाईंचा अनुभव खरा आहे. पण त्या कप्प्यावर बर्फ चढतो. बर्फाचा जाड थर म्हणजे गारव्यावर घातलेली गोधडीच. आतला गारवा बाहेर येत नाही आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालत राहतो. अर्धा सेंटिमीटर बर्फ दिसला की डीफ्रॉस्टचं बटण दाबायला हवं. बायका कामाच्या रगाड्यात ते विसरतात आणि मग बर्फात रुतलेला ट्रे सुरीनं उचकटतात. तो कप्पा म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आणि त्याच पत्र्याच्या आतून गॅस वाहतो. सुरीचं टोक लागलं की फुस्स. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की गॅस गेलेला सिंगल डोअर दुकानात आला की आधी कप्प्यावर सुरीची खूण शोधायचो.

फ्रॉस्ट फ्रीमध्ये गार करणारी कॉइल मागे लपवलेली असते. पंखा तिच्यावरून हवा घेऊन सगळीकडे फिरवतो. कॉइलवर जमलेलं हिम ठरावीक वेळानं हीटर वितळवतो, ते पाणी नळीवाटे खाली कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये जातं आणि तिथल्या उष्णतेनं उडून जातं. ही फिरती हवा कोरडी असते, म्हणून उघडी ठेवलेली भाजी सुकते आणि उघडा भात कडक होतो. उपाय सोपा आहे : काही म्हणजे काही उघडं ठेवायचं नाही. कोथिंबीर निवडून, न धुता, कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

तुमच्या बाबतीत माझा कौल फ्रॉस्ट फ्रीला आहे, आणि त्याचं कारण चिपळूणची हवा. फ्रीजमधला बर्फ म्हणजे दार उघडताना आत शिरलेला ओलावाच. मिरजेच्या कोरड्या उन्हाळ्यात जो थर चढायला पंधरा दिवस लागतील, तो कोकणात आषाढात चार-पाच दिवसांत चढतो. पाच माणसांच्या घरात दार सारखं उघडणार. शिवाय मासे. साध्या सिंगल डोअरचा वरचा कप्पा उणे १८ अंशांपर्यंत भरवशानं जात नाही. वेगळं दार असलेल्या फ्रीझरमध्ये ते साधतं आणि माशांचा वास खालच्या दुधाच्या कप्प्यात येणंही बरंच टळतं. तुम्हाला २४० ते २६० लिटर पुरेल. मात्र लेबलवर दोन आकडे असतात, एकूण लिटर आणि प्रत्यक्ष साठवणीचे लिटर. दुसरा वाचा.

स्टारबद्दल. बीईई म्हणजे वीज वाचवण्याचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था. तिच्या लेबलवर तारे मोजण्याआधी कोपऱ्यातलं वर्ष बघा. ताऱ्यांचे निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच तारे आणि नव्या लेबलवरचे पाच तारे सारखे नसतात. खरा आकडा म्हणजे वर्षाला लागणारी युनिटं. समजा एकावर २२० युनिटं लिहिली आहेत, दुसऱ्यावर १६०. फरक ६० युनिटांचा. युनिट ९ रुपयांनी धरलं तर वर्षाला ५४० रुपये वाचले. किमतीत ४,००० चा फरक असेल तर तो फिटायला सात वर्षांच्या वर लागतील. तुम्ही आधीचा फ्रीज अठरा वर्षं वापरलात, म्हणजे तुमच्या घरात ते पैसे वसूल होतील. दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्या माणसाला मी थ्री स्टारच घ्यायला सांगतो.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा आणि घरच्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरचा काही संबंध नाही. लाइट गेली की तोही बंद पडणार. साधा कॉम्प्रेसर पूर्ण वेगानं चालतो, गार झालं की थांबतो, पुन्हा धडक देऊन सुरू होतो आणि त्या क्षणी एरवीच्या कितीतरी पट वीज ओढतो. इन्व्हर्टरवाला वेग कमी-जास्त करत संथ चालत राहतो. आवाज कमी, बिल कमी. पण त्याचा मेंदू म्हणजे एक इलेक्ट्रॉनिक कार्ड, आणि ते महाग असतं. पावसाच्या सुरुवातीला विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा, तासाभरानं काही बिघडत नाही. ‘कॉम्प्रेसरला दहा वर्षं वॉरंटी’ असं सांगितलं तर त्यात कार्ड, गॅस भरणं आणि मजुरी येते का, हे बिलावरच लिहून मागा. स्टॅबिलायझर लागेल का, हेही फ्रीजवर लिहिलेल्या व्होल्टेजच्या मर्यादेवरून ठरवा. संध्याकाळी तुमच्याकडे दाब त्याच्या खाली जात असेल तर घ्या.

आणि निघण्याआधी जिन्याचं वळण आणि स्वयंपाकघराचं दार टेपनं मोजा. दार कोणत्या बाजूला उघडतं तेही बघा. भिंतीला चिकटून दार अर्धंच उघडलं तर भाजीचा ड्रॉवर बाहेर येत नाही.

प्रश्न : नवीन फ्रीजच्या दोन्ही बाजू हाताला चांगल्याच तापलेल्या लागतात. पीस खराब आला का? बदलून मागू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नका मागू. पूर्वी फ्रीजच्या पाठीला काळी जाळी असायची, तिच्यातून आतली उष्णता बाहेर पडायची. आता त्या नळ्या बऱ्याच फ्रीजमध्ये बाजूच्या पत्र्याच्या आत असतात, म्हणून बाजू तापतात. पहिल्या दिवशी आणि उन्हाळ्यात जास्तच. मात्र त्या उष्णतेला वाट हवी. पुस्तिकेत दिलेलं अंतर दोन्ही बाजूंना आणि मागे सोडा, फ्रीजवर झालर लावलेलं कापड घालू नका आणि गॅसच्या शेगडीशेजारी तो ठेवू नका.

प्रश्न : वडील जत तालुक्यात गावी एकटे राहतात. इन्सुलिन घेतात. त्यांच्यासाठी छोटा फ्रीज घ्यायचा आहे. लाइट दिवसातून दोन-तीनदा जाते. (एक वाचक, सध्या पिंपरी)

उत्तर : दादा, इथे मी बिनदिक्कत साधा सिंगल डोअर सांगतो. १८० ते १९० लिटरचा. जतची हवा कोरडी, बर्फ कमी चढेल, आणि जो चढेल तो लाइट गेल्यावर उपयोगी पडेल. वरच्या कप्प्यात पाण्याच्या दोन-तीन बाटल्या पाऊण भरून गोठवून ठेवा. पूर्ण भरल्या तर फुटतात. लाइट गेली की दार उघडायचं नाही, एवढं वडिलांना सांगा. आत बर्फ असेल आणि दार बंद असेल तर तीन-चार तास काळजी नाही.

आता मुख्य गोष्ट. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं, आणि ते गोठलं तर टाकूनच द्यावं लागतं, पुन्हा वितळवून चालत नाही. सिंगल डोअरमध्ये बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेमध्ये, जिथे लोक दुधाच्या पिशव्या ठेवतात, तिथे ते गोठू शकतं. दारात ठेवलं तर दर वेळी गरम हवा लागते. मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकवता, डब्यात ठेवा. मिरजेत दवाखाने फार, त्यामुळे औषधांचे बरेच फ्रीज माझ्या हाताखालून गेले. तिथे शिकलेली एक युक्ती सांगतो. पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून तो पेला त्याच फळीवर रात्रभर ठेवा. सकाळी आकडा वाचा आणि ५ च्या आसपास येईपर्यंत गारवा कमी-जास्त करायचा खटका फिरवत राहा. थंडीत आणि उन्हाळ्यात तो वेगवेगळा ठेवावा लागेल. गावी जाल तेव्हा हे तुम्ही स्वतः करा, वडिलांवर सोडू नका. वापरात असलेली बाटली बाहेर किती दिवस चालते, ते पाकिटातल्या कागदावर असतं. ते डॉक्टरांकडूनही समजून घ्या.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी पुण्यात भाड्यानं राहतो. सात हजारांत जुना डबल डोअर मिळतोय. घ्यावा का? (एक विद्यार्थिनी, कर्वेनगर)

उत्तर : पोरींनो, घ्यायला हरकत नाही, पण बंद फ्रीज बघून पैसे देऊ नका. विकणाऱ्याला आदल्या रात्रीपासून चालू ठेवायला सांगा. फ्रीझरमध्ये पाण्याची वाटी ठेवायला सांगा, सकाळी दगड व्हायला हवा. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटून आली तर रबर गेलंय. भाजीच्या ड्रॉवरखाली पाणी असेल तर मागची नळी तुंबली आहे. ते काम छोटं आहे, त्यावरून भाव कमी करून घ्या. आतल्या पाटीवर गॅसचं नाव असतं. आर-६००ए असेल तर पुढे कधी दुरुस्ती निघाली तेव्हा तोच गॅस हाताळणारा माणूस बोलवा. तो गॅस पेट घेणारा आहे. फ्रीजमध्ये तो अगदी थोडा असतो, घरात ठेवायला भीती नाही, पण नळीत गॅस असताना कोणी नळ्या जोडायची आगीची टॉर्च पेटवायला नको.

आणखी एक गोष्ट आवर्जून तपासा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा उतरलेल्या पाण्यामागे आमच्या दुकानासमोर फ्रीजची रांग लागली होती. माणसं रडत होती, कारण हप्ते अजून चालू होते. कॉम्प्रेसर वाळवून बरेच सुरू झाले. पण पत्र्यामागच्या फोममध्ये पाणी गेलं होतं. असा फ्रीज आठ-दहा महिने चालतो, मग गारवा धरत नाही आणि आतून कुबट वास येतो. पुढे दिवाळीपर्यंत त्यातले कित्येक पुसून, रंग मारून बाहेरगावी विकले गेल्याचं मी पाहिलं. पूर पुण्यातही येतो. म्हणून खालच्या दाराचं रबर बोटानं उलगडून त्याच्या घडीत बघा, मागे वाकून कॉम्प्रेसरच्या बैठकीखालचे बोल्ट बघा. घडीत वाळलेला गाळ दिसला किंवा बोल्ट गंजून फुगलेले दिसले, तर तो फ्रीज दोन हजारांतसुद्धा घेऊ नका.