डायलिसिस चालू आहे, कंपनीत सांगू का?

“सांगितलं तर काढतील, आणि नाही सांगितलं तर हे खाडे किती दिवस लपवणार?” किडनीच्या आजारानं डायलिसिसवर आलेला नोकरदार माणूस माझ्यासमोर बसला की थोड्याच वेळात बोलणं इथे येतं. खायचं काय, पाणी किती प्यायचं, हे सांगायला डॉक्टर आहेत, आहारतज्ज्ञ आहेत. नोकरीचं काय करायचं हे सांगायला बहुतेक वेळा शेजारच्या खाटेवरचा पेशंटच असतो, आणि त्याचं ऐकून निम्मे लोक घाबरतात, निम्मे भलत्याच रांगेत उभे राहतात.

दत्तात्रयची गोष्ट 2022 ते 2024 मधली. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. भोसरीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना, तिथे हा सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या मशीनवर. मूळचा लातूरकडचा, वय चाळिशीच्या आत, बायको घरी शिवणकाम करते, मुलगी नववीत. रक्तदाब वाढलेला आहे हे त्याला बरीच वर्षं ठाऊकच नव्हतं. ठाऊक झालं तेव्हा दोन्ही किडन्यांचं काम जवळजवळ थांबलं होतं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास डायलिसिस सुरू झालं.

कारखान्यात त्यानं सांगितलं होतं की आईला दवाखान्यात न्यावं लागतं. डाव्या हातावर फिस्टुला केलेला (डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून शस्त्रक्रियेनं जोडलेल्या रक्तवाहिन्या), तो दिसू नये म्हणून मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट. सुपरवायझर चिडलेला, खाडे बिनपगारी होत चाललेले, आणि गावाकडे वडिलांना पत्ताच नाही. “मी घरातला कर्ता आहे, मॅडम. मला काही झालंय हे त्यांना कसं सांगू?” हे वाक्य तो परत परत म्हणायचा. मी त्याला एकच विचारलं, की हे सगळं लपवण्यात दिवसाचा किती वेळ जातो. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मशीनपेक्षा जास्त लक्ष तिकडेच असतं.”

सीएनसीवर काम करणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकलं आणि मला त्याच्या नोकरीच्या आधी त्याच्या बोटांची काळजी वाटली.

आता मुख्य गाठ. दत्तात्रय आमच्याकडे यायच्या आधीच एका सरकारी रुग्णालयात दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मागायला जाऊन आला होता. हिमोफिलिया असलेल्या ओळखीच्या एका मुलाकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र होतं, म्हणून त्यालाही वाटलं आपल्याला मिळेल. तिथे सांगण्यात आलं की किडनी यादीत नाही. गंमत अशी, की जाण्याआधी घरी बायकोशी त्याचं यावरूनच भांडण झालं होतं. “मी काय अपंग आहे का?” म्हणून त्यानं दोन आठवडे अर्ज भरला नव्हता. आणि नकार मिळाल्यावर त्याला त्याहून जास्त लागलं. “म्हणजे सरकारच्या लेखी माझा आजार आजारच नाही.” हे मी अनेकांमध्ये पाहिलं आहे. शिक्का नको असतो, पण तो नाकारला गेला की कुणीतरी आपलं दुखणं खोटं ठरवल्यासारखं वाटतं. दोन्ही भावना खऱ्या असतात. त्यांवर “असं काही नसतं हो” म्हणून फुंकर घालू नये, असं माझं मत.

रुग्णालयात मिळालेली माहिती मात्र बरोबर होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकार दिले आहेत. दीर्घकालीन आजारांपैकी हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स हे त्यात आहेत. किडनी निकामी होणं नाही. मधुमेहाचंही नाव नाही. पण त्या आजारामुळे दृष्टी गेली किंवा पाय कापावा लागला, तर त्या परिणामाचं मोजमाप होऊन प्रमाणपत्र मिळू शकतं, आणि बहुतेक सवलतींसाठी ते 40 टक्के किंवा जास्त असावं लागतं. कायद्यातली दिव्यांग व्यक्तीची व्याख्या बरीच रुंद आहे, यादी मात्र अरुंद. व्याख्येच्या आधारे वकील वाद घालू शकतो. कार्ड यादीवरूनच निघतं.

पण ही एका कायद्याची यादी झाली. दत्तात्रयनं तीच सगळ्या सरकारची यादी समजून बाकीच्या वाटा स्वतःच बंद करून टाकल्या होत्या. मी त्याला पगाराची स्लिप आणायला सांगितली. पगार एकोणीस हजारांच्या घरात, आणि कपातीच्या रकान्यात ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, महिन्याला दीडशेच्या आसपास. कामगाराचा वाटा पावणेएक टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के. “हे कापतात ते कशाचं?” असं त्यानंच मला विचारलं. सहा वर्षं कापून घेतल्यावर!

ईएसआयची स्वतःची वेगळी यादी आहे. तिच्यात 34 दीर्घकालीन आजार आहेत आणि त्यांत किडनी कायमची निकामी होणं स्पष्ट लिहिलेलं आहे. क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात, काही हृदयविकार, काही मानसिक आजारही त्यात येतात. एरवी आजारपणाच्या रजेचा लाभ वर्षाला 91 दिवस, सरासरी वेतनाच्या 70 टक्के. या यादीतल्या आजारांसाठी ते 91 दिवस संपले की वाढीव लाभ सुरू होतो: 80 टक्के, आणि गरज असेल तर 2 वर्षांपर्यंत. अट अशी, की सलग 2 वर्षं विमाधारक नोकरी झालेली हवी आणि मागच्या चार अंशदान कालावधींत (एक कालावधी सहा महिन्यांचा) मिळून किमान 156 दिवसांचं अंशदान भरलेलं हवं. दत्तात्रयचं होतं. उपचारही तिथूनच होतात. ईएसआयच्या दवाखान्यातून रुग्णालयात आणि तिथून रेफरल घेऊन जोडलेल्या केंद्रात डायलिसिस. तोवर तो एका धर्मादाय रुग्णालयात पदरचे पैसे मोजत होता.

दोन गोष्टींत लोक अडकतात. खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर कंपनी सुट्टी देईलही, पण ईएसआयचे पैसे ईएसआयच्या डॉक्टरच्या दाखल्यावर निघतात. आणि आजारपणाचे पहिले 2 दिवस धरत नाहीत. मात्र मागची आजारपणाची रजा संपून 15 दिवस व्हायच्या आत पुन्हा रजा लागली, तर ते 2 दिवस कापले जात नाहीत. डायलिसिसवाल्यांना हा नियम फार उपयोगाचा आहे, कारण त्यांची रजा तुकड्यातुकड्यानंच येते. (21 नोव्हेंबर 2025 पासून 1948 च्या ईएसआय कायद्याऐवजी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तेव्हा अर्जात कलमाचा आकडा टाकण्याआधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारून घ्यावं.)

मग पुन्हा मूळ प्रश्न. कंपनीत सांगायचं का?

त्याची भीती निराधार होती असं मी म्हणणार नाही. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात सततच्या अनारोग्यामुळे नोकरी संपवली तर ती कामगारकपात धरली जात नव्हती, म्हणजे कपातीची भरपाई मिळत नव्हती. (21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याऐवजी औद्योगिक संबंध संहिता आहे.) खासगी कारखान्यातल्या माणसानं सध्याचा नियम माहीत करून घेऊनच बोलायला जावं. सरकारी नोकरीत चित्र बरंच वेगळं आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येत नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. पण खासगी नोकरीतही एक कवच होतंच. ईएसआय कायद्याच्या कलम 73 प्रमाणे आजारपणाचा लाभ चालू असताना मालक कामगाराला काढू शकत नव्हता. हे कवच कायमचं नसतं. तरी लपवून खाडे करणाऱ्याला तेवढंही मिळत नाही; त्याच्यावर बेशिस्तीची कारवाई होऊ शकते, कारण कागदावर तो आजारी नसतोच.

हे ऐकल्यावर दत्तात्रय म्हणाला, “म्हणजे लपवूनच मी जास्त उघडा पडलोय.” हे मी त्याला सांगितलं असतं तर बहुधा पटलं नसतं.

आम्ही पत्र लिहायला बसलो, तो आणि त्याची बायको. मुख्य काम तिथे झालं. त्याला वाटत होतं की रजा मागायची. तिनं विचारलं, “तुम्हाला रजा हवीय की शिफ्ट?” त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची आणि डायलिसिसची वेळ ठरलेली, सगळा घोळ तिथे होता. कायम फर्स्ट शिफ्ट मिळाली आणि डायलिसिस संध्याकाळच्या पाळीत झालं, तर खाडेच पडणार नव्हते. पत्रात फक्त कामापुरतं लिहिलं. आजाराचं नाव, उपचार किती काळ, डाव्या हातानं जड उचलता येणार नाही, मशीन चालवायला हरकत नाही असं डॉक्टरांचं पत्र, आणि फर्स्ट शिफ्टची विनंती. रिपोर्टांची अख्खी फाईल जोडायची नाही. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, तारखेसकट.

पहिली प्रतिक्रिया वाईट आली. “राजीनामा देऊन टाका, बरे झालात की कंत्राटदाराकडून परत घेऊ.” टेबलावर कागद आणि पेन ठेवलेलं. याचा सराव आम्ही आधीच केला होता, कारण असं होतं. त्यानं ठरल्याप्रमाणे “घरी विचारून सांगतो” एवढंच म्हटलं आणि उठून आला. राजीनाम्यावर सही केली की नोकरी स्वतःहून सोडल्याची नोंद होते, मग वर सांगितलेलं काहीच मागता येत नाही. आणि खरोखरच काम सोडण्याची वेळ आली, तर कारण कागदावर आजाराचंच असावं: आजारामुळे आधीचं काम करता येईनासं झालं असेल, तर ग्रॅच्युइटीला 5 वर्षांची अट लागत नाही.

पुढच्या महिन्यात वरच्या साहेबांनी पत्र वाचलं आणि फर्स्ट शिफ्ट दिली. फार चांगुलपणानं नव्हे. त्या मशीनवर बसणारा दुसरा अनुभवी माणूस त्यांच्याकडे नव्हता. सगळ्यांच्या नशिबी असं नसतं हे मी जाणते.

बाकीच्या सवलतींचं थोडक्यात. डायलिसिसच्या रुग्णांना एसटीच्या साध्या गाड्यांत प्रवास मोफत आहे. गावाकडे जाताना दत्तात्रयला तो उपयोगी पडला. जुन्या करप्रणालीत 80डीडीबी नावानं ओळखल्या जाणाऱ्या वजावटीत किडनी निकामी होणं येतं, 40 हजारांपर्यंत, आणि रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर 1 लाखापर्यंत. त्याला कर लागत नव्हता, म्हणून त्याच्या कामाची नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिस होतं, पण बुडालेल्या पगाराचे पैसे तिथे मिळत नाहीत.

2024 च्या मार्चमध्ये तो परत आला तो वेगळ्याच अडचणीत. पगारवाढ मिळत होती. नवा पगार 21 हजारांच्या वर जाणार होता, आणि ईएसआयची मर्यादा 21 हजार. दिव्यांग कामगाराला ती 25 हजार आहे, पण त्याच्याकडे ते प्रमाणपत्र नाही! तो विचारत होता, पगारवाढ नको म्हणू का? नवरा-बायकोत यावरून दोन दिवस अबोला होता. मी म्हटलं, आधी तारीख बघू. ईएसआयचं अंशदान एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा दोन कालावधींत मोजतात. कालावधी सुरू झाल्यानंतर पगार मर्यादेच्या वर गेला, तर त्या कालावधीच्या अखेरपर्यंत माणूस योजनेत राहतो. वाढ 1 एप्रिलपासून लागली तर तो लगेच बाहेर. 1 मेपासून लागली तर सप्टेंबरपर्यंत आत, आणि त्या अंशदानावर पुढच्या वर्षीच्या जानेवारी ते जूनचे रोख लाभ. एका महिन्याच्या वाढीवर पाणी सोडलं तर हातात जवळजवळ सव्वा वर्ष येत होतं, आणि तेवढ्या काळात कंपनीच्या गटविम्यात डायलिसिस बसतं का हे पाहता आलं असतं.

त्यानं स्वतः एचआरकडे जाऊन पत्र 1 मेपासून करून घेतलं. गटविम्याचे कागद घेऊन दोघं पुढच्या आठवड्यात येणार होते. जाताना बायको म्हणाली, वडिलांना सांगितलंय, ते एसटीनं निघालेत.